लिफ्टच्या बिजागरीतला गुलाल

"घ्या, चहा घ्या."

"मला चालत नाही."

"चहा चालत नाही? संगमनेरच्या माणसाला?"

"चहा चालतो. तुमच्या हातचा चालत नाही."

कप माझ्यासमोर ठेवता ठेवता वैजयंती ठोसरांचा हात थांबला. माझं आडनाव कुलथे, गाव संगमनेर, हे त्यांनी फोनवरच काढून घेतलं होतं. आता त्या मला नीट न्याहाळत होत्या.

"सोवळ्यात आहात का?" त्यांनी विचारलं.

"सरकारी सोवळं आहे," मी म्हणालो. "ज्यांची तपासणी करायची, त्यांच्याकडचं काही तोंडात घालायचं नाही. पाणी चालतं. तेही नळाचं."

त्या इतक्या मोकळेपणानं हसल्या, की बाहेरच्या हॉलमध्ये पत्ते खेळत बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. मी मात्र गंभीर चेहरा करून बॅगेतून कागद काढले. गंभीर चेहरा करण्यात माझा हात कुणी धरला नसता.

तेव्हा मी अमेरिकेत, ओहायोतल्या एका शहराच्या बससेवेत तपासनीस होतो. वॉशिंग्टनहून आमच्या बससेवेला अनुदान यायचं. त्यातलं काही आम्ही आसपासच्या लहान संस्थांना द्यायचो आणि त्यावर त्या म्हाताऱ्या नि अपंग माणसांसाठी व्हॅन चालवायच्या. व्हॅन त्याच कामाला लागते ना, व्हीलचेअर चढवायची लिफ्ट नीट चालते ना, ड्रायव्हर धड आहे ना, हे मी जाऊन पाहायचं. गावोगाव हिंडून लोकांच्या कपाळावर आठ्या पाडणं हा माझा धंदा होता, आणि खोटं कशाला बोला, मला तो आवडायचा. घरी वाट पाहणारं कुणी नव्हतं. लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. बायको कॅलिफोर्नियाला गेली, मी ओहायोत राहिलो. मराठी उरलं होतं ते रविवारी आईशी फोनवर बोलण्यापुरतं, आणि त्यातही 'जेवलास का' आणि 'हो' यापलीकडे फारसं काही नसायचं.

आणि त्या दिवशी ॲशफर्ड नावाच्या, नकाशावर शोधून काढाव्या लागणाऱ्या गावात, वृद्धांच्या केंद्राची संचालिका मला सोवळ्यात आहात का म्हणून विचारत होती.

वैजयंतीबाई वर्ध्याच्या. नवरा टायरच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून ॲशफर्डला आला आणि तिथंच वारला. आता या वर्ध्याला परत जातील, नाहीतर बॉस्टनला मुलीकडे जातील, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. त्या कुठंच गेल्या नाहीत. वेळ जावा म्हणून केंद्रात म्हाताऱ्यांना जेवण वाढायला जायच्या, त्या पाहता पाहता केंद्रच चालवायला लागल्या. व्हॅन त्यांनी आणल्या. त्या आधी ॲशफर्डमध्ये ज्याला गाडी चालवता येत नाही, त्यानं घरात बसायचं, एवढीच सोय होती.

सहा महिन्यांनी मी पुन्हा गेलो, तर टेबलावर दोन कप. एक त्यांनी स्वतः घेतला, दुसरा माझ्या कागदांशेजारी ठेवला.

"ठोसरबाई, मी सांगितलं होतं..."

"पिऊ नका नं. कोण म्हणतं प्या? वास घेण्याबद्दल काही नियम आहे का तुमच्या पुस्तकात?"

नव्हता. मी मनातल्या मनात सगळी नियमावली चाळून पाहिली. आलं आणि गवती चहा. गवती चहा त्यांनी खिडकीतल्या कुंडीत लावला होता, हिवाळ्यात आत घ्यायच्या आणि उन्हाळ्यात बाहेर ठेवायच्या. तो कप माझ्याशेजारी हळूहळू गार होत गेला आणि मी टायर, ब्रेक, विमा असं एकेक विचारत राहिलो. त्यानंतर दर खेपेला तसंच व्हायचं. निघताना मी तो भरलेला कप तसाच सोडून यायचो, आणि परतीच्या वाटेवर मला काहीतरी मागे विसरल्यासारखं वाटत राहायचं.

व्हॅनमधून एक फेरी स्वतः करून पाहायची, असाही नियम होता. इतर ठिकाणी मी मागच्या सीटवर मुकाट्यानं बसायचो. ॲशफर्डला वैजयंतीबाई बरोबर यायच्या. एर्ल नावाचा अबोल ड्रायव्हर गाडी चालवायचा, मागे मिसेस प्रुइट व्हीलचेअरवर असायच्या. त्यांना डायलिसिससाठी आठवड्यातून तीनदा शेजारच्या गावातल्या इस्पितळात न्यावं लागे. आम्ही दोघं पुढच्या बाकावर बसून मराठीत बोलायचो. कशावरही. वर्ध्याचा उन्हाळा जास्त वाईट की संगमनेरचा, तर्री म्हणजे नक्की काय, 'करून राहिले' हे मराठी आहे की नाही.

"तुम्हा पुण्याकडच्यांना वाटतं, आम्ही हिंदी बोलून राहिलो."

"मी पुण्याकडचा नाही. मी संगमनेरचा."

"वर्ध्याकडून पाहिलं की सगळं पुणंच दिसते."

"तुम्ही दोघं भांडताय का?" मिसेस प्रुइटनी एकदा मागून विचारलं.

"नाही नाही," मी म्हणालो.

"मग थांबू नका. जाताना कुणीतरी बोलत असलं की मला बरं वाटतं. समजलं नाही तरी."

मग वैजयंतीबाईंनीच पुन्हा सुरुवात केली. मला आठवतं, त्यांनी उगाचच पुरणपोळी कशी करतात ते सांगितलं, अगदी डाळ भिजत घालण्यापासून, इस्पितळ येईपर्यंत. मिसेस प्रुइट डोळे मिटून ऐकत होत्या आणि मीही.

अशी तीन वर्षं होत आली. वर्षातून दोनदा तपासणी. माझं कॅलेंडर ॲशफर्डच्या दोन तारखांभोवती फिरायला लागलं होतं. त्याला काय म्हणतात हे मला कळत होतं, पण तपासनिसानं स्वतःची तपासणी करायची नसते, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

तिसऱ्या वर्षी सप्टेंबरात गेलो. नेहमीप्रमाणे आधी लिफ्ट पाहायला घेतली. एर्लनं बटण दाबलं, लिफ्ट खाली आली, वर गेली, पुन्हा खाली आली. खाली टेकताना बिजागरीत काहीतरी करकरलं. मी वाकून बोट फिरवलं. बोट गुलाबी झालं.

एर्ल म्हणाला, "धूळ आहे. सकाळी धुतली होती."

दुसरा कुणी तपासनीस असता तर त्यानंही धूळच म्हटलं असतं. मी बोट नाकाशी नेलं. मग मी तिथं किती वेळ उभा होतो कोण जाणे. संगमनेरच्या मिरवणुकीत वडिलांच्या खांद्यावर बसलेला मी, त्यांचा तो पांढरा शर्ट, जो आईनं कितीही चोळला तरी पुन्हा पांढरा झाला नाही. नियमबियम काही आठवलं नाही. फक्त एवढंच वाटलं, की संगमनेरपासून हजारो मैलांवर, इथं, माझ्या माणसांनी गुलाल उधळला आणि मला कुणी सांगितलं नाही.

नोकरी आठवली ती नंतर.

"व्हॅन विसर्जनाला गेली होती?" ऑफिसात येऊन मी बोट पुढे केलं.

वैजयंतीबाईंनी माझ्या बोटाकडे पाहिलं. लपवाछपवी त्यांच्या स्वभावात नव्हती. "गेली होती. तळ्यावर."

"कुणासाठी?"

"आपल्याकडचे आईवडील येतात नं इथं मुलांकडे. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, हे दिवसभर खिडकीत बसून राहतात. गाडी चालवता येत नाही, पायी जावं तर रस्त्याला फूटपाथ नाही. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला त्यांना कोण नेणार? म्हातारी माणसंच आहेत नं ती, कुलथेसाहेब? का म्हातारपणालाही पासपोर्ट लागतो?"

"तो प्रश्नच नाही. फेरी केंद्राची होती की मंडळाची?"

सरकारी व्हॅन एखाद्या मंडळाला त्यांच्यापुरती वापरायला देता येत नाही, फुकटसुद्धा नाही. केंद्रानं स्वतः फेरी काढली, सगळ्यांना खुली ठेवली, तर हरकत नाही. हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक होतं, कारण मीच शिकवलं होतं.

"केंद्राची. दाराशी फळ्यावर सूचना लावली होती. मिसेस प्रुइट आल्या होत्या, त्यांच्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. सगळ्यात जास्त गुलाल तर प्रुइटबाईंनीच उधळला."

"सूचना आधी लावली, की मंडळानं विचारल्यावर?"

त्यांनी माझ्या गुलाबी बोटाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"मंडळानं विचारलं," त्या म्हणाल्या. "मग मी सूचना लावली. आता तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. तुमच्याशी मी खोटं बोलणार नाही."

मी पेन काढलं. एरवी असल्या गोष्टीचा निकाल मी चुटकीसरशी लावला असता. आणि इथं शब्द सुचेना. चूक लिहावी, तर वाटे, आपण मुद्दाम कडक होतोय, कुणी बोट दाखवू नये म्हणून. चूक नाही लिहावं, तर वाटे, ही बाई समोर बसलीय म्हणून आपण विरघळलो. ती खरं सांगतेय म्हणून मला पटत होतं, की ती सांगतेय म्हणून खरं वाटत होतं? मी या बाईच्या प्रेमात पडलो होतो. चाळिशी उलटलेला, घटस्फोटित, गंभीर चेहऱ्याचा माणूस, हातात गुलाबी बोट घेऊन बसलेला.

मी पेन खिशात ठेवलं. "याचा निकाल मला देता येणार नाही."

"का?"

"कारण मला तुमचा चहा प्यायचाय."

त्या हसल्या नाहीत. खिडकीतल्या कुंडीकडे पाहत राहिल्या आणि मग अगदी हळू म्हणाल्या, "मग प्या नं कधीतरी."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी साहेबीण डेनिस हिच्यासमोर उभा राहिलो. "ॲशफर्डचं काम दुसऱ्या कुणाला तरी दे."

"कारण?"

"तिथं माझे वैयक्तिक संबंध आहेत."

"आहेत, की व्हायचेत?"

"व्हायचेत."

डेनिसनं चष्मा काढला. "म्हणजे अजून काहीच झालेलं नाही, आणि तू कबुली द्यायला आलास?"

"नियम तसाच आहे. हितसंबंध दिसतील अशी शक्यता असली तरी सांगायचं."

"मुकुंद, लोक इथं लग्न करून मोकळे होतात आणि मला नाताळच्या पार्टीत कळतं." पण नियम नियमच होता. तिनं माझं म्हणणं लिहून घेतलं, ॲशफर्ड केंद्राच्या संचालक मंडळाला तसं कळवलं आणि त्या विसर्जनाच्या फेरीच्या निकालासकट काम केविन नावाच्या नव्या पोराकडे दिलं.

पुढचे काही आठवडे मी हवेत होतो. दोन शर्ट घेतले. दाढीचं सामान बदललं. गवती चहा ओहायोत कुठं मिळतो याची चौकशी केली. रविवारी आईनं 'जेवलास का' विचारलं, तर मी तिला अर्धा तास बोलत ठेवलं. शेवटी ती घाबरून म्हणाली, "अरे, तब्येत बरी आहे ना?"

केविन ॲशफर्डहून परत आला. फेरी नियमात बसते, पण पुढच्या वेळी सूचना आधी लावावी, असा त्यानं शेरा मारला होता. त्याखाली लिहिलं होतं: लिफ्टमध्ये गुलाबी धूळ, मूळ अज्ञात. ते वाचून मी एकटाच खो खो हसलो. मग वैजयंतीबाईंना फोन केला.

"मी आता तुमचा तपासनीस नाही. येऊ का?"

"या," त्या म्हणाल्या.

मी पोचलो तेव्हा दुपार होती. त्या केंद्राच्या बाहेर, गाड्या लावायच्या मोकळ्या जागेत उभ्या होत्या. आत चला म्हणाल्या नाहीत.

"केविन बरा मुलगा आहे," त्या म्हणाल्या. "चहा विचारला तर म्हणे, कॉफी आहे का?"

"आणि प्यायला?"

"दोन कप. वर बिस्किटं."

मी तिथल्या तिथं केविनला मनात दोन अस्सल संगमनेरी शिव्या हासडल्या. त्यांनी ते ओळखलं असावं, कारण त्या जराशा हसल्या. मग हसू गेलं.

"संचालक मंडळानं बोलावलं होतं मला. तुमच्या ऑफिसातून आलेलं वाचून दाखवलं. सगळ्यांसमोर विचारलं, या माणसाचं आणि तुमचं काही आहे का? मी म्हटलं, नाही."

"खरंच होतं ते."

"हो. मग त्यांनी विचारलं, पुढे काही होणार आहे का?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यांनी हात वर केला.

"ऐका नं आधी. तीन वर्षांच्या एकेक चांगल्या रिपोर्टवर तुमची सही आहे. उद्या आपण दोघं एकत्र दिसलो, तर लोक काय म्हणतील? म्हणूनच रिपोर्ट चांगले होते, असंच नं? मग सगळं उकरून काढतील. अनुदान बंद होईल, व्हॅन जातील."

"रिपोर्ट खरे होते."

"मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या कुणाला पटेल?"

"मी नोकरी सोडतो."

"सोडा. सही कुठं जाते?"

त्या तिसऱ्या माणसाच्या जागी मी असतो, तर मलाही पटलं नसतं. मी बोभाटा न करता नुसता चहा प्यायलो असतो, केविनसारखा, तर कदाचित कुणाच्या लक्षातही आलं नसतं. प्रामाणिकपणानंच माझा घात केला होता, आणि त्याबद्दल तक्रार तरी कुणाकडे करणार?

"एकच रस्ता आहे," त्या खाली पाहत म्हणाल्या. "यंदा अनुदानाचा अर्जच करायचा नाही. मी हे सगळं सोडायचं. दुसरं कुणी आलं तर चालवेल, नाही आलं तर बंद पडेल. व्हॅनच नाही, मग कुणाच्या सहीला कोण विचारतं? मी थकून गेली आहे, मुकुंद. घरी गेलं की भिंतींशी बोलते मी, तेही इंग्रजीत बोलायला लागले आता." पहिल्यांदाच त्यांनी मला नावानं हाक मारली होती. "तुम्ही सोडा म्हणाल तर मी सोडते. आज, आत्ता. तुम्हीच सांगा."

तेवढ्यात व्हॅन आली. एर्लनं मागचं दार उघडून लिफ्ट खाली सोडली. डायलिसिसहून परत आलेल्या मिसेस प्रुइट एवढ्याशा दिसत होत्या, चेहरा राखाडी, डोळे मिटलेले. घरी सोडण्याआधी एर्ल त्यांना सूप प्यायला केंद्रात आणायचा. लिफ्ट टेकली तसा त्यांनी डोळे न उघडताच हात बाजूला केला, आणि वैजयंती तिथं होतीच. माझ्याशी बोलता बोलता ती कधी गेली ते मला कळलंही नव्हतं. तिनं तो हात आपल्या दोन्ही हातांत धरून चोळला, इंग्रजीत काहीतरी पुटपुटली, ब्लँकेट सारखं केलं आणि एर्लला आत न्यायला सांगितलं.

मग ती परत येऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"काय म्हणता?"

मला म्हणायचं होतं, सोड. मला म्हणायचं होतं, माझ्या घरात चार खोल्या आहेत आणि एकीतही मराठी बोललं जात नाही, तू ये, वाटेल त्या मराठीत बोल, मी तुला कध्धी चिडवणार नाही. मी आयुष्यात कुणासाठी इतका झुरलो नव्हतो आणि त्यानंतरही कधी झुरलो नाही. एक शब्द पुरेसा होता, आणि तिनं तो मानला असता, हे मला तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं.

"अर्जाची मुदत शुक्रवारी संपते," मी म्हणालो. "उशीर करू नका."

ती माझ्याकडे पाहत राहिली. डोळे भरून आले होते, पण आवाज नेहमीसारखाच होता.

"नाही करणार," ती म्हणाली, आणि आत गेली.

शुक्रवारी संध्याकाळी मी घरी निघायच्या तयारीत होतो. डेनिस कोट चढवत माझ्या टेबलाशी थांबली.

"ॲशफर्डचा अर्ज आला बरं का. नेहमी दोन व्हॅन मागतात. या वेळी चार मागितल्यात."

मी मान हलवली. त्या अर्जाबद्दल काही बोलायची मला परवानगी नव्हती.